सवलतींची बेरीज

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत लिहावे ते लसीकरणावर, बालदम्यावर किंवा मुलांच्या न जेवण्यावर, असा एक अलिखित संकेत आहे. यंदा तो मोडण्याचे कारण आपल्या मंडळातच सापडले. सभा संपून चहाचे कप हाती आले की हल्ली आजारांची वा औषधांची चर्चा फारशी होत नाही. कोणत्या कार्डावर किती पॉइंट मिळाले, दसऱ्याच्या सेलमध्ये कोणी धुलाईयंत्र कितीला घेतले, कोणाचे मुंबईचे विमान तिकीट पॉइंटांवर निघाले, याच कथा रंगतात. तरुण सभासद त्या सांगतात आणि ज्येष्ठ सभासद काहीशा कौतुकाने, काहीशा संशयाने ऐकतात. दोन्ही भावना आपापल्या जागी रास्त आहेत. कार्डाचे पॉइंट आणि दुकानाची सूट यांचा नीट मेळ घातला तर शंभरामागे सात-आठ रुपये खरोखर वाचतात. त्याच वाटेवर एक बिल थकले तर वाचलेले सारे बँकेकडे परत जाते, हेही तितकेच खरे. हा मेळ कसा बसतो, कोठे बसत नाही आणि हिशेब कोठे फसतो, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

या विषयाशी आपल्या शहराचे नाते जुने आहे. भारतात बँकेचे क्रेडिट कार्ड प्रथम आणले ते सेंट्रल बँक ऑफ इंडियाने, १९८० साली. आणि लगोलग १९८१ मध्ये आपल्या आंध्र बँकेने स्वतःचे कार्ड काढले. सुलतान बाजार-काचीगुड्याच्या जुन्या मराठी वस्तीतील मंडळींना कोठीची आंध्र बँक ही पत्ता सांगण्याची खूणच होती. ही बँक १९२३ साली मछलीपट्टणला स्थापन करणारे डॉ. भोगराजू पट्टाभि सीतारामय्या हे वैद्यकाचे पदवीधर होते आणि तेथे त्यांनी डॉक्टरी केली होती. तेव्हा डॉक्टरने पैशाच्या गोष्टी बोलू नयेत असे ज्यांना वाटते त्यांना हे उदाहरण पुरे व्हावे. योगायोग असा की त्याच १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांचे मैल मोजून त्यांना बक्षीस देण्याची योजना सुरू केली. आजचे कार्डाचे पॉइंट म्हणजे या दोन कल्पनांचे अपत्य होय. आंध्र बँक १ एप्रिल २०२० रोजी युनियन बँकेत विलीन झाली. पॉइंटांची प्रथा मात्र फोफावत राहिली.

पॉइंट बँकेच्या औदार्यातून येत नाहीत, हे प्रथम लक्षात घ्यावे. आपण दुकानात शंभर रुपयांसाठी क्रेडिट कार्ड वापरतो तेव्हा दुकानदाराच्या खात्यात अठ्ठ्याण्णव रुपयांच्या आसपास जमा होतात. उरलेले दीड-दोन रुपये कार्ड देणारी बँक, दुकानात यंत्र बसवणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे जाळे वाटून घेतात. त्यात मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो आणि त्यातूनच ती आपल्याला पॉइंट देते. ज्यांच्या दवाखान्यात स्वागतकक्षावर कार्डाचे यंत्र आहे त्यांनी त्याचा महिन्याचा उतारा काढून पाहावा. बाळाच्या वडिलांना मिळालेले पॉइंट आपल्याच फीमधून गेल्याचे दिसेल. बँक खात्यातून थेट यूपीआयने आलेल्या पैशांवर असे शुल्क जानेवारी २०२० पासून घेतले जात नाही, म्हणून त्यावर देण्यासारखे फारसे काही कोणाजवळ उरत नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय २०२२ मध्ये आली खरी, पण लहान दुकानदाराकडील दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांवर तेथेही शुल्क नाही. तेथे बँका पॉइंट देताना हात आखडता का घेतात, ते यावरून कळेल.

आता मुख्य तंत्राकडे वळू. दोन सवलती एकत्र मिळतील की नाही, हे ओळखण्यासाठी एकच प्रश्न विचारावा : ही सूट कोणाच्या खिशातून येते? उत्पादक कंपनी हंगामी भाव उतरवते तो एक खिसा. दुकान वा संकेतस्थळ कूपन देते तो दुसरा. विशिष्ट बँकेच्या कार्डावर 'दहा टक्के तात्काळ सूट' मिळते, तिचा भार बँक आणि बहुधा उत्पादक वा विक्रेता मिळून उचलतात, तो तिसरा. कार्डाचे नेहमीचे पॉइंट हा चौथा. ग्राहक आणून दिल्याबद्दल संकेतस्थळाकडून दलाली घेऊन तिचा काही अंश आपल्याला परत करणारी कॅशबॅकची संकेतस्थळे हा पाचवा. वेगवेगळ्या खिशांतून येणाऱ्या सवलती बहुधा एकमेकींच्या आड येत नाहीत. एकाच खिशातून दोनदा पैसे काढू गेले की नकार येतो : दोन कूपने एकत्र चालत नाहीत, दोन बँकांच्या सवलती एका बिलावर लागत नाहीत, आणि बाहेरून आणलेले कूपन वापरले की कॅशबॅकचे संकेतस्थळ हात वर करते. एकाच रिसेप्टरवर काम करणारी दोन औषधे एकत्र दिल्याने गुण दुप्पट येत नाही. निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी औषधे मात्र एकमेकांस पूरक ठरतात. आपल्यापैकी कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

मात्रेच्या बाबतीतही आमच्या शाखेचा अनुभव उपयोगी पडतो. पॅरासिटामॉल आम्ही वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम असे मोजतो, पण ऐंशी किलोच्या किशोराला १,२०० मिलिग्रॅम लिहून देत नाही, कारण एका वेळची कमाल मात्रा ठरलेली असते. 'दहा टक्के सूट' या ठळक अक्षरांखालीही बारीक टायपात 'कमाल १,५०० रुपये' असे छापलेले असते. याचा अर्थ ती सूट १५,००० रुपयांपर्यंतच दहा टक्के आहे. ५४,००० रुपयांच्या वस्तूला ती पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. वीस टक्के आणि त्यावर दहा टक्के म्हणजे अठ्ठावीस टक्के, तीस नव्हे. टक्केवारीची सूट आणि ठोक रकमेची सूट एकत्र असेल तर क्रमही महत्त्वाचा ठरतो. ५,००० रुपयांच्या वस्तूवर आधी दहा टक्के आणि मग ५०० रुपये वजा केले तर ४,००० उरतात. आधी ५०० आणि मग दहा टक्के वजा केले तर ४,०५०. पन्नास रुपयांसाठी कोणी जीव टाकू नये, पण यंत्राने कोणता क्रम लावला आहे तेवढे ठाऊक असावे.

एका उदाहरणाने सारे स्पष्ट होईल. आकडे कल्पित आहेत, पण सणासुदीच्या कोणत्याही सेलमध्ये असेच आढळतात. मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. छापील किंमत ६०,००० रुपये, सेलमधील भाव ५४,०००. एका बँकेच्या कार्डाने किमान १०,००० रुपये भरल्यास दहा टक्के, कमाल १,५०० रुपये सूट आहे. सारी रक्कम त्या कार्डाने भरली तर १,५०० वजा होऊन ५२,५०० द्यावे लागतील आणि कार्डाचे पॉइंट एक टक्का धरले तर ५२५ रुपयांचे मिळतील. एकूण लाभ २,०२५.

आता थोडे नियोजन करू. बँकेची सूट पहिल्या १५,००० रुपयांतच संपते, म्हणजे उरलेल्या ३९,००० रुपयांना त्या ऑफरचा काही उपयोग नाही. अनेक बँका आपल्या स्वतःच्या खरेदी-दालनातून घेतलेल्या गिफ्ट व्हाउचरांवर जादा पॉइंट देतात. ते चार टक्के धरू. त्याच संकेतस्थळाची ३९,००० रुपयांची व्हाउचरे आधी घेऊन ठेवली तर १,५६० रुपयांचे पॉइंट मिळतात. उरलेले १५,००० कार्डाने भरताना १,५०० सुटतात आणि भरलेल्या १३,५०० वर १३५ चे पॉइंट येतात. एकूण लाभ ३,१९५. आधीच्या रीतीपेक्षा १,१७० अधिक. उत्साहाच्या भरात पन्नास हजारांची व्हाउचरे घेतली तर मात्र कार्डाने भरायला चारच हजार उरतात, दहा हजारांची किमान अट पुरी होत नाही, बँकेची सूट जाते आणि लाभ २,०४० वर उतरतो. एवढी खटपट करून आपण पहिल्या ठिकाणीच येतो. कोणती सवलत कोठवर चालते हे पाहून प्रत्येकीला तेवढाच घास द्यावा, यातच सारे कौशल्य आहे.

व्हाउचरांविषयी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ती परत करता येत नाहीत, त्यांना मुदत असते, आणि वस्तू परत केली तर पैसे बँकेत न येता बहुधा संकेतस्थळाच्या खात्यातच अडकून राहतात. ज्या दुकानातून आपण वर्षभर काही ना काही घेतोच, त्याचीच व्हाउचरे घ्यावीत आणि लागतील तेव्हाच घ्यावीत. कपाटात व्हाउचरांचा साठा करणे म्हणजे त्या दुकानाला बिनव्याजी कर्ज देणे होय.

वरच्या उदाहरणात आणखी एक आकडा तपासायचा राहिला आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. वाचले किती हे कोणत्या किमतीवरून मोजायचे? छापील ६०,००० धरले तर ९,१९५ रुपये वाचल्याचा आनंद होतो. पण तोच लॅपटॉप सेल नसताना सिकंदराबादच्या दुकानात ५५,००० ला मिळत असेल तर खरी बचत ४,१९५, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या किंचित वर. छापील किंमत ही पुष्कळदा सूट दाखवता यावी म्हणूनच छापलेली असते. म्हणून मोठी वस्तू घ्यायची ठरली की सेलच्या महिनाभर आधी दोन ठिकाणचे भाव लिहून ठेवावेत.

आपल्याकडे आषाढात लग्नकार्ये होत नाहीत, तेलुगू मंडळींकडेही होत नाहीत. म्हणून या दोन्ही शहरांतल्या साड्यांच्या दुकानांवर दरवर्षी 'आषाढम्' सेलचे फलक झळकतात. गिऱ्हाईक नसलेल्या महिन्यात दुकानदार स्वतःच्या नफ्यातून भाव उतरवतो, कार्डाची सवलत दुसऱ्या खिशातून येते, आणि त्यामुळे दिवाळीपेक्षा येथे मेळ अधिक सहज बसतो. श्रावणातल्या मंगळागौरीची आणि गौरी-गणपतीची खरेदी या महिन्यात उरकणाऱ्या गृहिणी आमच्यापेक्षा चांगल्या अर्थतज्ज्ञ आहेत, असे माझे मत आहे. याउलट बेगम बाजार किंवा जनरल बाजारात भाव तोंडी ठरतो. तेथे ठरलेल्या भावावर कार्ड पुढे केले की 'दो परसेंट ऊपर लगेगा साब' हे उत्तर ठरलेले. दोन टक्के देऊन एक टक्क्याचे पॉइंट घेण्यात शहाणपण नाही. तेथे घासाघीस करावी आणि रोख किंवा यूपीआयने मोकळे व्हावे. जानेवारीत नामपल्लीला भरणाऱ्या 'नुमाइश'लाही हाच न्याय.

आतापर्यंतचा सारा हिशेब एका गृहीतावर उभा आहे : महिन्याचे बिल अंतिम तारखेपूर्वी पूर्ण भरले जाते. हे गृहीत ढळले की इमारत कोसळते. वरच्या उदाहरणात, व्हाउचरे धरून, कार्डावर एकूण ५२,५०० रुपये खर्च झाले. बिल आल्यावर 'किमान देय रक्कम' म्हणून अडीच हजार भरले आणि पन्नास हजार पुढे ढकलले असे समजू. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, हा आपल्याकडे सर्रास आढळणारा दर आहे. पन्नास हजारांवर महिन्याचे व्याज १,७५०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ३१५, एकूण २,०६५. दोन महिन्यांचे ४,१३०. आपली खरी बचत होती ४,१९५. हाती उरले ६५ रुपये, आणि तिसऱ्या महिन्याचे व्याज सुरू झाले. शिवाय बिल थकले की नव्या खरेदीलाही व्याजमुक्त मुदत मिळत नाही, त्यामुळे त्यानंतर घेतलेल्या भाजीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. या व्याजाला कायद्याची कमाल मर्यादा असेल अशी अनेकांची समजूत आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला.

म्हणून कार्ड घेतल्याच्या पहिल्याच दिवशी बँकेच्या खात्यातून बिल आपोआप भरले जाण्याची सूचना नोंदवावी. तेथे 'पूर्ण रक्कम' आणि 'किमान रक्कम' असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडलेले सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. बिल भरले जात आहे या समाधानात ते महिनोन्महिने व्याज भरत होते. क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढणे हा आणखी महागडा प्रकार. त्यावर व्याजमुक्त मुदत मुळीच नसते आणि वर शुल्कही असते.

हे विशेषतः आपल्या तरुण सभासदांसाठी लिहितो आहे. गांधी किंवा उस्मानिया रुग्णालयात रात्रंदिवस राबणाऱ्या निवासी डॉक्टरला बँका आनंदाने कार्ड देतात, कारण हा पुढे चांगले कमावणार हे त्यांना कळते. विद्यावेतन महिनाभर लांबले की किमान रक्कम भरण्याचा मोह होतो, आणि तेथून जे चक्र सुरू होते ते सहजासहजी थांबत नाही. पॉइंटांच्या लोभाने वर्षात चार-पाच कार्डांसाठी अर्ज केले तर प्रत्येक अर्जाची नोंद पतसंस्थांकडे, म्हणजे सिबिलसारख्या संस्थांकडे, होते आणि ३०० ते ९०० या मोजपट्टीवरचा आपला आकडा घसरू शकतो. सोनोग्राफी यंत्रासाठी वा दवाखान्याच्या जागेसाठी कर्ज काढायच्या वेळी हा आकडा आडवा येतो. यंत्राच्या कर्जावर अर्धा टक्का व्याज जास्त पडले तर साऱ्या जन्माचे पॉइंट त्यात वाहून जातील.

'बिनव्याजी हप्ते' या शब्दांचाही अर्थ समजून घ्यावा. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बजावले होते. आजच्या योजनेत बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी रक्कम सूट म्हणून वजा करतो. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र आपल्या माथी येते, आणि अनेक कार्डे हप्त्यांच्या खरेदीवर पॉइंटच देत नाहीत. एकरकमी भरणाऱ्याला विक्रेता तीच सूट रोख देत असेल तर हप्ते घेणारा तिला मुकतो.

पॉइंटांच्या मोठमोठ्या आकड्यांनीही भुलू नये. समजा, दर १५० रुपयांना २ पॉइंट आणि पॉइंटची किंमत २५ पैसे. दहा हजार पॉइंट जमले की श्रीमंत झाल्यासारखे वाटते. त्यांची किंमत असते २,५०० रुपये आणि ते मिळवायला साडेसात लाख खर्च झालेले असतात. परतावा शंभरामागे ३३ पैसे. कार्डाची वार्षिक फी २,५०० असेल तर जीएसटीसह २,९५० जातात. म्हणजे दहा हजार पॉइंट मिळवूनही आपण साडेचारशे रुपयांनी खाली. त्यामुळे पॉइंट किती यापेक्षा एका पॉइंटला रुपया किती, हे आधी विचारावे. तोच पॉइंट भेटवस्तूंच्या यादीत वीस पैशांचा आणि विमान तिकिटात रुपयाचा ठरतो, असेही काही कार्डांवर घडते. आणि हा भाव बँक केव्हाही बदलू शकते. अॅक्सिस बँकेच्या 'मॅग्नस' कार्डावर महिन्याला एक लाख खर्च केल्यास २५,००० पॉइंट मिळत; त्यांच्या जोरावर परदेशवाऱ्या आखणारे पुष्कळ होते. १ सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले. पेट्रोल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा यांवरचे पॉइंटही बऱ्याच कार्डांनी काढून घेतले आहेत किंवा त्यांना मर्यादा घातली आहे. पॉइंट म्हणजे मुदतीची लस. साठवून ठेवण्यासाठी ती नसते.

लसीचा उल्लेख आलाच आहे तर व्यवसायातील खरेदीविषयी थोडे. बालरोगतज्ज्ञाचे लसींचे मासिक बिल घरखर्चाहून मोठे असते, त्यामुळे ते कार्डाने भरून पॉइंट मिळवावेत हा विचार साहजिकच मनात येतो. तीन गोष्टी पाहाव्यात. पुरवठादार रोखीला दोन टक्के सूट देत असेल तर कार्डाचा एक टक्का हा तोटाच. वैयक्तिक कार्ड व्यापारी खरेदीसाठी वापरू नये अशी अट बहुतेक बँका घालतात आणि ध्यानात आल्यास पॉइंट गोठवतात. व्यवसायासाठी वेगळे कार्ड घेणे उत्तम. आणि वर्षभरात दहा लाख वा अधिक रकमेची कार्डबिले भरली गेली तर बँक ते प्राप्तिकर विभागाला कळवते, तेव्हा आपल्या सनदी लेखापालाला ही खरेदी आधीच दाखवलेली बरी. चौथी गोष्ट हिशेबाची नाही, धर्माची आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये आपल्या फ्रीजपर्यंत पोहोचेल याची हमी देणारा पुरवठादार सोडून, चार टक्के स्वस्त मिळते म्हणून अनोळखी ठिकाणाहून ती मागवू नये. तेथे कोणत्याही सवलतीची बेरीज करायची नसते.

कार्डाने माणूस अधिक खर्च करतो का, याचा एक गमतीदार अभ्यास अमेरिकेत झाला आहे. एमआयटीतील ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली; निम्म्यांना रोखीने पैसे द्यायचे होते, निम्म्यांना कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. आपल्याला यात नवल वाटू नये. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेण्यास डॉक्टरांना मनाई करणारी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये केली, ती फुकटाची वस्तू निर्णयावर नकळत परिणाम करते म्हणूनच. प्रिस्क्रिप्शनवर पेनाचा जो परिणाम होतो तोच खरेदीवर पॉइंटांचा होतो. 'आणखी ४,००० खर्च करा आणि व्हाउचर मिळवा' असा संदेश आला की त्या ४,००० ची वस्तू आपल्या यादीत काल होती का, एवढे आठवून पाहावे. शमशाबाद विमानतळावरच्या लाउंजसाठी तिमाहीची खर्चाची अट पुरी करणारे पाहिले की हसू येते; त्या पैशांत घरच्यांसह चार वेळा उत्तम बिर्याणी झाली असती.

अलीकडे या पॉइंटांचा वापर चोरही करू लागले आहेत. 'आपले ९,८०० पॉइंट आज रात्री संपत आहेत' असा बँकेच्या नावाचा संदेश येतो, सोबत एक दुवा किंवा मोबाइलवर उतरवून घ्यायची फाइल असते. ती उघडली की फोनवर येणारे ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हाती जातात. ओपीडीच्या गर्दीत, एका हाताने स्टेथोस्कोप सावरत असे संदेश वाचणारे आपण सोपे सावज आहोत. पॉइंट पाहायचे ते बँकेच्या स्वतःच्या अॅपमध्ये; संदेशातला दुवा उघडू नये. पैसे गेलेच तर बँकेला कळवून कार्ड लगेच बंद करवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या तासाचे मोल येथेही तेच आहे.

किती कार्डे असावीत, असे विचारतात. माझ्या मते दोन पुरतात : एक रोजच्या खर्चाला, वार्षिक फी नसलेले, दुसरे आपण जेथे सर्वाधिक खरेदी करतो त्या दुकानाशी, संकेतस्थळाशी किंवा रेल्वेशी निगडित असलेले. मनमाड-औरंगाबादकडे वर्षातून सहा वेळा जाणाऱ्या कुटुंबाला रेल्वेचे कार्ड विमानाच्या कार्डापेक्षा अधिक देऊन जाईल. जी कार्डे वर्षभर बाहेर निघालेली नाहीत ती बंद करावीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, थकबाकी नसल्यास, अर्ज केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत बँकेने कार्ड बंद केले पाहिजे; तसे न केल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यायचे आहेत. अर्ज लेखी किंवा ईमेलने करावा आणि तारीख जपून ठेवावी. बंद करण्याआधी शिल्लक पॉइंट वापरून घ्यावेत, कारण कार्डाबरोबर तेही जातात.